आठवीण वारंवार का बिघडते? कल्पित जगातल्या जादूच्या वनस्पतीची दुरुस्ती

आमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर जुलै लागला की एकच वाक्य ऐकू येतं: "औषध मारलं, फरक नाही पडला." मग माझे ठरलेले प्रश्न. कोणतं मारलं, पंपाला किती घेतलं, त्यानंतर पाऊस कधी आला, आणि पान आणलं का सोबत? बहुतेक जण रिकाम्या हातानेच आलेले असतात. पान न पाहता औषध सांगणारा दुकानदार एक तर देवमाणूस असतो, नाहीतर त्याला जुना माल खपवायचा असतो.

हे सांगायचं कारण असं की, गेली चार वर्षं स्वतःच्या गोष्टीच्या बाबतीत मी तोच अडाणीपणा करत होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हिवाळ्यात दुकान बंद केलं की ओट्यासमोर शेकोटी पेटते आणि शेजारपाजारची सात-आठ पोरं गोष्ट ऐकायला बसतात. गोष्ट एका कल्पित मुलखाची. त्याचं नाव सातधुरा. सात राज्यं, त्यांच्यामधे सात मोठे धुरे (धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध), आणि सातशे वर्षांचा इतिहास मी दोन दोनशेपानी वह्यांत लिहून ठेवलेला. त्या इतिहासाच्या बुडाशी एक वेल आहे, आठवीण. तिचा कंद निखाऱ्यावर भाजून खाल्ला की आपल्या पूर्वजाच्या डोळ्यांनी त्याचा एक दिवस दिसतो. पणजोबाने विहीर कुठं खणली, खापरपणजीला कोणी फसवलं, सगळं.

कल्पना चांगली आहे असं मला आजही वाटतं. पण दर हिवाळ्यात गोष्ट तिसऱ्या-चौथ्या रात्री एकाच जागी फसायची. कोणीतरी पोरगं शेकोटीत काडी सारत विचारायचं, "काका, मंग सगळ्याईनं थे कंद काऊन नाही खाल्ले?"

आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

जखम भरणारी, खरं बोलायला लावणारी, मेलेल्याला उठवणारी अशी एखादी वनस्पती ज्याच्या वहीत आहे, त्याला हा प्रश्न येतोच. ऐकणारं पोरगं नसेल तर रात्री दोन वाजता स्वतःलाच येतो. मी काय काय करून पाहिलं, त्यातलं काय वाया गेलं आणि शेवटी कशानं फरक पडला, ते खाली आहे.

लक्षण कसं ओळखायचं

कपाशीच्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरली की ती पाकळ्या आतून धाग्याने गुंफून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. नवखा माणूस ते पाहून खूश होतो, उद्या उमलेल म्हणतो. जुना माणूस तिथल्या तिथे तोडतो आणि नष्ट करतो.

गोष्टीतही डोमकळी असते. माझ्या वहीतली अशी होती: दोन भाऊ धुऱ्यावरून भांडत राजाकडे येतात. म्हातारा वैदू दोघांना आठवीण चारतो. दोघांनाही आजोबाने दगड कुठं पुरला ते दिसतं. दोघं रडतात, गळ्यात पडतात. पोरांना प्रसंग आवडायचा, मलाही आवडायचा. पण तो अर्ध्या पानात संपायचा आणि त्यानंतरचा सगळा इतिहास खोटा पडायचा. खरं काय ते इतक्या स्वस्तात कळत असेल तर सात राज्यं झाली कशाला, आणि धुऱ्यांवर लढाया झाल्या कशाला?

तर पहिली तपासणी हीच. वनस्पती पहिल्यांदा वापरली जाते तो प्रसंग काढा. त्यानंतर तुमच्या जगातले कोणते मोठे तंटे, रोग, युद्धं टिकतात ते मोजा. नायकाला अडचणीत ठेवण्यासाठी तुम्हाला ती वनस्पती लपवून ठेवावी लागत असेल, तर ती डोमकळी आहे. ती उमलायची वाट पाहू नका.

मी केलेले वाया गेलेले उपाय

पहिल्या वर्षी मी वेल नामशेष करून टाकली. तिसऱ्या राजाच्या काळात दुष्काळ, आठवीण संपली, विषय संपला. नववीतली एक पोरगी, जी सगळ्यात मागे बसते आणि सगळ्यात कमी बोलते, ती म्हणाली, "सोयीनं मेली हे." बरोबर होतं तिचं. नामशेष होणं हा उपाय चुकीचा नाही, पण मी तो अर्धाच केला होता. खरोखर संपलेली वनस्पती मागे रिकामी जागा सोडून जात नाही.

आजच्या लिबियात सायरीन नावाची ग्रीक वसाहत होती. तिथं सिल्फियम नावाची एक वनस्पती रानात यायची. तिचा डिंक मसाल्यात आणि औषधात चालायचा, शहराचा पैसा तिच्यावर उभा होता, म्हणून तिचं चित्र त्यांच्या नाण्यांवर होतं. ती संपत गेली. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहितो की त्याच्या आठवणीत एकच देठ सापडला, तो सम्राट नीरोला पाठवण्यात आला. पण स्वयंपाक थांबला नाही. तिच्या जागी पूर्वेकडून येणारा हिंगाच्या जातीचा डिंक वापरू लागले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका हरवलेल्या वनस्पतीची बदली माझ्या घरच्या फोडणीत रोज पडते. आपल्याकडचा सोम घ्या. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल त्याचं आहे, आणि पुढच्या यज्ञग्रंथांत सोम मिळाला नाही तर पूतिका वापरा असं सांगितलेलं आहे. विधी तोच, मंत्र तेच, वनस्पती दुसरी.

तर तुमची वनस्पती मारायची असेल तर नाणी, बदली आणि भामटे हे तिघे मागे ठेवा. सातधुऱ्यात आता एका राज्यात आठवीण संपलेली आहे, पण तिथल्या देवळात अजून उकडलेला सुरण वाटतात आणि खाणारे डोळे मिटून पणजोबा दिसल्याचं सांगतात. हा प्रसंग पोरांना इतका पटला की त्यावर कोणी प्रश्नच विचारला नाही. एकाने फक्त "आमच्या गावातबी असा एक हाय" एवढं म्हटलं.

दुसऱ्या वर्षी मी वेल डोंगरावर नेली आणि खाली नाग बसवला. नाग कधी उपयोगाला येत नाही हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवतो. "नाग हाय तं हाय. बी आणून वावरात काऊन नाही लावलं?" याकडे परत येऊ.

तिसऱ्या वर्षी मी वेलीला वाईट परिणाम जोडला. कंद खाणारा वेडा होतो. मला वाटलं आता सुटलो. तर पाचवीतलं एक पोरगं म्हणे, "राजा सोता कायले खाईन? कैद्याले चारीन आन् विचारीन." हा फटका मला चांगलाच बसला. जादूची किंमत शरीराने मोजायची असेल तर सत्ता असलेला माणूस ती दुसऱ्याच्या शरीराने मोजून घेतो. हा बिघाड नंतर मी दुरुस्त केलाच नाही, उलट ठेवून घेतला. सातधुऱ्यात आता "आठवणे" नावाची एक जात आहे, जी पिढ्यान्‌पिढ्या राजासाठी कंद खात आली. पण मूळ प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

मूळ कारण

कारण सापडलं ते काउंटरवरच. एक जण विचारत होता, या वाणाला वेचाई किती लागते, बोंड एकदम फुटतं की टप्प्याटप्प्याने, आणि मजूर मिळणार का. माझ्या डोक्यात आलं, हे तीन प्रश्न मी आठवीणीला कधी विचारलेच नाहीत. माझ्या वेलीला जादू होती, पण सुगी नव्हती. दर नव्हता, माप नव्हतं, खणणारी बाई नव्हती. पीक म्हणून ती अस्तित्वातच नव्हती.

मोहाचं फूल पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं रात्रीतून आणि पहाटे टपटप पडतात. उजाडायच्या आधी बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली, कारण उशीर केला तर ढोरं आणि रानातली जनावरं खाऊन जातात. फूल पाचोळ्यात हरवू नये म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळतात, आणि ती आग कधी कधी जंगलात पसरते. मग वाळवणं, साठवणं, विकणं. घरी खायला तेच, दारूला तेच. फुलानंतर फळ, फळातल्या बीचं तेल. आणि कोणतं झाड कोणाचं हे रानात राहूनही ठरलेलं असतं. एवढ्या एका फुलात किती इतिहास आहे बघा: पहाट कोणाची, आग कोणी लावली, व्यापाऱ्याने माप कसं धरलं, आणि सरकारने काय म्हटलं.

सरकारचं तर विचारूच नका. दारूबंदी वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे एकाच फुलाची तीच बाटली नदीच्या या काठावर गुन्हा आणि त्या काठावर धंदा. झाडाला यातलं काही माहीत नाही, ते चैतात फुलतं. जादूच्या वनस्पतीचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही.

म्हणून आता मी नवीन वनस्पती वहीत घेतली की एक पान तिच्या "सातबाऱ्या"साठी सोडतो. कोण खणतं, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, एका माणसाला दिवसभरात किती निघतं, कशात मोजतात, विकत घेणारा कोण आणि तो मापात कुठं मारतो, उरलेला पाला-चोथा कोणाच्या कामाचा. आठवीणीचं पान असं भरलं: फाल्गुनात पहाटे खणायची, उन्हं लागली की कंद कडू होतो. एका बाईला पहाटभरात चार कंद. माप पायलीचं नाही, नगावर. घेणारा देवळाचा कारभारी, तो फुटलेला कंद अर्ध्यात धरतो आणि फुटका कंद आत गेल्यावर सगळ्यांसारखाच विकतो.

हे पान भरल्यावर "सगळ्याईनं काऊन नाही खाल्ले" याचं अर्धं उत्तर आपोआप आलं. पहाटभर खणून चार कंद मिळणाऱ्या बाईला स्वतःच्या आजीपेक्षा आजचं मीठ-तेल जास्त महत्त्वाचं असतं. ती विकते. आठवण विकत घेणारे वेगळे, खणणारे वेगळे. सातधुऱ्यातलं पहिलं बंड मला इथं सापडलं, आणि ते मी आधी लिहिलेल्या तिन्ही बंडांपेक्षा बरं आहे.

बी आणून का नाही लावलं

आता नागाचा उरलेला प्रश्न. "ती लागवडीत येत नाही" एवढं म्हणून भागत नाही, ऐकणारा शेतकऱ्याचं पोर असेल तर अजिबातच नाही. कारण द्या, आणि कारण मुळात शोधा. मुळात म्हणजे खरोखर मुळांत.

चंदनाचं रोप नेणाऱ्याला नर्सरीवाला सांगतो, बाजूला तूर टाक. चंदन अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेतात, सोबती नसेल तर रोप खुरटतं. ज्यांनी नुसतं चंदन लावलं त्यांना बी खराब निघालं असं वाटतं. संत्र्याचंही वेगळ्या तऱ्हेने तसंच आहे, वरूड-मोर्शीकडचा संत्रा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून वाढवतात. वर गोड, खाली आंबट जंगली मूळ. आणि बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. नुसत्या बीवर आणि लाडावर बाग उभी राहत नाही.

आठवीण मी पळसाच्या मुळावर नेली. तीही कोणत्याही पळसाच्या नाही. धुऱ्यावर उभा असलेला, किमान दोन पिढ्या जुना पळस लागतो. आता बघा काय झालं. पळस तोडला तर वेल मरते. धुरा मोडून दोन वावरं एक केली तर पळस तुटतो. म्हणजे जो राजा शेतं वाढवतो तो आठवण मारतो, आणि ज्याला आठवण ठेवायची आहे त्याला धुरे सांभाळावे लागतात, धुऱ्यावरच्या भांडणासकट. सातधुरा हे नाव मी पहिल्या दिवशी नुसतं कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलं होतं. चौथ्या वर्षी त्याला अर्थ आला.

ही दुरुस्ती करताना एक चूक टाळा. सोबती झाड अगदी दुर्मिळ करू नका, नाहीतर नाग परत आला समजा. ते रोजच्या पाहण्यातलं असू द्या, जे तोडायला माणसाकडे रोज एखादं कारण असतं.

कीड कुठं आहे?

हा भाग मी सगळ्यात जास्त दुकानातून शिकलो, आणि सगळ्यात जड मनाने लिहितो.

जादूची वनस्पती आम्ही पाहिलेली आहे. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पानात, बोंडात स्वतःच अळीला मारणारं विष तयार करणारं झाड. ज्यांनी बोंडअळीसाठी फवारण्यांवर फवारण्या केल्या होत्या त्यांना ती जादूच वाटली, आणि काही वर्षं ती जादू चालली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचं बिगरबीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेने लावायचं. म्हणजे काही अळ्या विषाची ओळख न होता जगतात, त्यांचे पतंग विषाला दाद न देणाऱ्या पतंगांशी मिसळतात आणि नवी पिढी पुन्हा विषाने मरते. साधी, शहाणी योजना. ते छोटं पाकीट किती जणांनी लावलं हे मला विचारू नका. "अळीले खाऊ घालाले कायले पेरू?" हे मी काउंटरवर कितीदा ऐकलं आणि कितीदा नुसता हसलो.

गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. आजूबाजूला सगळीकडे बीटीच, वर मोसम संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेतलेली, म्हणजे अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जेवण. ती शिकली. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडून बघावी तर आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या पावसाळ्यानंतर मी औषध देताना हातमोजे आणि तोंडाचा रुमाल विचारल्याशिवाय बाटली पुढे करत नाही. आता कामगंध सापळे लावतो, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही.

तर तुमच्या जादूच्या वनस्पतीला कीड कोणती? ती किती पिढ्यांनी शिकली? तिला शिकू न देण्याचा उपाय कोणी सांगितला होता, आणि तो लोकांनी का ऐकला नाही? हे तीन प्रश्न सुटले तर तुमच्या जगाला दोनशे वर्षांचा इतिहास फुकट मिळतो, आणि त्यात कोणी खलनायकही लागत नाही. प्रत्येक जण आपापल्या वावरापुरता शहाणाच असतो.

सातधुऱ्यात चौथ्या राजाने शहाणपणा केला. धुऱ्यांची वाट न बघता पळसाच्या रांगाच रांगा लावल्या आणि दोन पिढ्या थांबून त्यावर आठवीण चढवली. नातवाच्या राज्यात कंदांचा पूर आला. मग विसरभुंगा आला. तो पूर्वी धुऱ्याधुऱ्याने भटकायचा, आता त्याला एका रांगेत जेवण. तो कंद पोखरतो, पण कंद मरत नाही. त्यात दुसऱ्याच्या घरची आठवण मिसळते. माणूस कंद खातो आणि त्याला आजोबा दिसतो, पण आजोबा शेजाऱ्याचा. दगड भलत्याच जागी पुरलेला दिसतो. आणि आता त्याची खात्री पक्की असते, कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. युद्ध सुरू होतं ते इथून. दोन भावांचा तो रडण्याचा प्रसंग मी तोडला नाही, फक्त इथं आणून ठेवला. आता दोघं कंद खातात आणि दोघांना दोन वेगळ्या जागी दगड दिसतो.

त्या रात्री शेकोटी विझली तरी कोणी उठलं नाही.

सालं जुळत नसतील तर

ही अडचण लहान आहे, पण वाचक पकडतातच. माझ्या एका वहीत आठवीण बावन्न वर्षांनी फुलते असं होतं आणि दुसरीत दोन बहरांमधे एकतीस वर्षं. मागे बसणाऱ्या त्याच पोरीने बोटांवर मोजून दाखवलं.

बांबू बघा. गडचिरोलीकडे ज्याने बांबूचं रान फुललेलं पाहिलं त्याला माहीत आहे, फुललं की बेट मरतं. मिझोराममध्ये एका जातीचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी सगळीकडे एकदम फुलतो. तिकडे त्याला मौताम म्हणतात. बांबूच्या बियांवर उंदीर माजतात, बिया संपल्या की भाताच्या शेतात उतरतात. १९५९ च्या बहरानंतर दुष्काळ पडला. मदतीसाठी उभी राहिलेली संघटना १९६१ मध्ये राजकीय झाली, १९६६ मध्ये तिने बंड केलं, १९८६ मध्ये करार झाला आणि १९८७ मध्ये मिझोराम राज्य झालं. आणि बांबू ठरल्याप्रमाणे २००७ च्या सुमारास पुन्हा फुलला. फुलापासून राज्यापर्यंत अठ्ठावीस वर्षं, आणि मधली एकही पायरी जादूची नाही.

उपाय सोपा: बहराचा आकडा एकदाच ठरवा, एका लांब कागदावर सगळे बहर मांडा, आणि राजे त्यानंतर बसवा. मी उलटं करत होतो, राजे आधी आणि बहर त्यांच्या सोयीने. बावन्न वर्षं ठेवली आणि दोन राजांना आठ-आठ वर्षं लवकर मरावं लागलं. इलाज नव्हता.

बांबूचाच आणखी एक गंमतीचा भाग. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत, पण १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांत मोजलेला. त्यामुळे तोडायला, न्यायला झाडासारखेच परवाने. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतुकीचा पास हातात पडायला २०११ उजाडलं. कायद्यातला तो शब्द २०१७ मध्ये निघाला. तुमच्या जगात वनस्पतीवर कोणाची सत्ता हे दाखवायला लढाई लागत नाही. ती वेल की कंद, एवढा वाद कचेरीत चालू द्या. सातधुऱ्यात वेलीवर कर आहे, कंदावर नाही. बाकी पोरांनीच रचलं.

नाव खटकत असेल तर

थोडक्यात सांगतो. सुंदर संस्कृत नाव ठेवलंत तर ते कोणी हाक मारल्यासारखं वाटत नाही. आमच्या तळ्याकाठी वाढणाऱ्या त्या जांभळ्या फुलांच्या झुडपाला लोक बेशरम म्हणतात, कारण कुठंही तोडून टाकलं तरी लागतं. ते दूर अमेरिका खंडातून आलेलं, पण नाव पक्कं इथलं. वनस्पतीला दोन नावं द्या, एक विकणाऱ्याचं, एक खणणाऱ्याचं. आठवीण हे देवळातलं नाव. खणणाऱ्या बाया तिला रडकांदा म्हणतात.

अजून न सुटलेलं

सगळं जुळलं असं वाटत होतं. गेल्या आठवड्यात, गोष्ट संपून पोरं पायात चपला सरकवत असताना, ती नववीतली पोरगी थांबली. म्हणाली, "काका, बाईनं खाल्लं तं तिले कोणाचा आजा दिसते? सासरच्या धुऱ्यावरची वेल, पण आजा तं माहेरचा."

मी म्हटलं, उद्या सांगतो.

उद्या सांगता आलं नाही. सातही राज्यांच्या सुना परमुलखातून आलेल्या आहेत. कंद त्यांनी खणला, पहिला चाखलाही त्यांनीच असणार, आणि त्यांना दिसलेला दगड या गावाचा नव्हताच. विसरभुंग्याच्या आधीपासून दुसऱ्या मुलखाची आठवण या धुऱ्यांवर येऊन बसलेली होती, आणि मी सातशे वर्षांत एकाही बाईला काय दिसलं ते लिहिलेलं नाही. दुसरी वही पान सदतीसपासून पुन्हा लिहायला घेतली आहे. तुरीची सोंगणी आटोपेपर्यंत गोष्ट बंद आहे असं पोरांना सांगितलंय.